कौटुंबिक लॅपटॉप निवड समिती

सुनेला नोकरी लागल्याची बातमी जेवणाच्या टेबलावर जाहीर झाली आणि ती आनंदाची आहे, असे सर्वानुमते ठरले. सासूबाईंनी न विचारता तिच्या ताटात आणखी वाढले. नवऱ्याने तिच्याकडे अशा कौतुकाने पाहिले, जणू नोकरी त्यालाच लागली आहे. मुलांनी फक्त एक शंका काढली, आई आता घरी नसणार का. आणि ती घरीच असणार, काम घरूनच करायचे आहे, हे कळल्यावर त्यांचा रस संपला.

नोकरी हिशेबाची होती. लग्नाआधी सून हेच काम करीत असे आणि उत्तम करीत असे. मग मुले झाली, मुलांचे तापखोकले झाले, शाळा झाल्या, आणि मधली वर्षे कुठे खर्ची पडली ते तिच्यासारख्या हिशेबी बाईलाही सांगता आले नसते. एवढ्या खंडानंतर आपल्याला कोण घेणार, असे तिचे तिलाच वाटत होते. नवऱ्याचा फोन साखरेच्या डब्याला टेकवून तिने मुलाखत दिली, आणि पलीकडच्या बाईंना ती पसंत पडली. अट एकच होती. लॅपटॉप स्वतःचा हवा, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला तो उघडून कामाला बसायला हवे.

"रविवारी जाऊन घेऊन येते," सून म्हणाली. "पैसे साठवलेत मी. फार भारी नको, अगदी हलका नको. नीट चालला म्हणजे झालं."

"कोणत्या कंपनीचा?" सासऱ्यांनी विचारले.

"कुठल्याही, बाबा. सगळे सारखेच असतात."

सासऱ्यांनी तोंडाशी नेलेला घास परत ताटात ठेवला.

येथे सासऱ्यांची ओळख करून देणे भाग आहे. घरीदारी त्यांना साहेब म्हणत. एका मोठ्या कार्यालयाच्या खरेदी शाखेत त्यांनी हयात घालवली होती, आणि त्यांच्या कारकिर्दीत त्या कार्यालयात एकही वाईट वस्तू आली नाही, असा त्यांचा लौकिक होता. तो खरा होता. चांगलीही आली नाही. एकदा पंख्यांच्या खरेदीवर विचार चालू असताना इतके उन्हाळे निघून गेले, की ज्यांना वारा हवा होता ते सगळे निवृत्त झाले. तेव्हा गरज उरली नसल्याचा शेरा मारून साहेबांनी प्रकरण बंद केले आणि कार्यालयाचा पैसा वाचवला. माणूस सज्जन. कुणाच्या पैशाला कधी शिवला नाही. देवाने त्यांना प्रामाणिकपणा भरभरून दिला होता, आणि त्याच मापाने संशयही.

"सगळे सारखे असते," साहेब म्हणाले, "तर इतकी वर्षं मी काय करत होतो?"

याचे उत्तर टेबलावर पुष्कळांना येत होते, पण कुणी दिले नाही.

"विश्वासार्ह आणि माफक किमतीचा," साहेब पुढे म्हणाले. "दोन शब्द आहेत. दोन्हींची पूर्तता झाली पाहिजे. पैसे तुझे, मान्य आहे. पण घर सगळ्यांचं. उद्या तो बिघडला तर लोक तुला नाही हसणार, मला हसतील. खरेदी शाखेतला माणूस घरात असून फसले म्हणतील. आपण रीतसर करू."

"बाबा, पण पहिली तारीख..."

"रीतसर म्हणजे उशिरा नव्हे, बेटा."

हे वाक्य साहेबांनी नोकरीत असंख्य लोकांना ऐकवले होते. त्यांतले बरेच जण अजून वाट बघत होते.

अशा रीतीने कौटुंबिक लॅपटॉप निवड समिती अस्तित्वात आली. अध्यक्ष अर्थातच साहेब. तांत्रिक सदस्य म्हणून त्यांच्या जावयांना बोलावण्यात आले, कारण ते संगणकाविषयी बोलत. वित्तीय सदस्य म्हणून खालच्या मजल्यावरचे निवृत्त ऑडिटर आले. त्यांना कुणी बोलावले नव्हते; पण इमारतीत कुठे खरेदी होऊ घातली, की त्यांना जिन्यातच वास लागत असे. मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, सचिव झाला, कारण त्याचे अक्षर चांगले होते आणि विरोध करायची सवय नव्हती. सासूबाई सर्वसामान्य ग्राहकांच्या प्रतिनिधी झाल्या. म्हणजे त्यांनी चहा करायचा.

"आणि मी?" सुनेने विचारले.

साहेबांनी ऑडिटरांकडे पाहिले. ऑडिटरांनी खेदाने मान हलवली.

"तुला घेता येणार नाही," साहेब मायेने म्हणाले. "लॅपटॉप तूच वापरणार. म्हणजे तुझा हितसंबंध गुंतलाय. उद्या कुणी बोट दाखवलं तर?"

"अहो बाबा, मला वापरायचाय म्हणूनच तर..."

"तेच म्हणतोय मी. ज्याला वस्तू हवी असते, त्याची घाई निर्णयात उतरते. आमच्या शाखेत आम्ही वापरणाऱ्याला खोलीच्या आत पाऊल टाकू देत नसू."

मात्र साहेब निष्ठुर नव्हते. सुनेला त्यांनी 'विशेष निमंत्रित' हा दर्जा बहाल केला. विशेष निमंत्रिताला बैठकीत हजर राहता येत होते, ऐकता येत होते आणि चहाचे कप उचलता येत होते. बोलण्याची तरतूद नव्हती.

पहिली बैठक 'माफक' या शब्दाने खाल्ली.

"वस्तू स्वस्तात घेतली की प्रश्न येतो, इतकी स्वस्त कशी?" ऑडिटरांनी सुरुवात केली. "काहीतरी खोट असणार. महाग घेतली की प्रश्न येतो, इतकी महाग का? कुणीतरी खाल्लं असणार. म्हणून घ्यायची ती मधली."

"मधली म्हणजे कितीची, काका?" सचिवाने लेखणी सरसावून विचारले.

"ते आपण ठरवायचं नसतं. स्वस्त कुठली आणि महाग कुठली एवढं निश्चित करा, मधली आपोआप निघते."

जावयांनी फोनवर किमती काढल्या. मधली निघाली. तिचा मान राखून चहा झाला. तेवढ्यात एका कंपनीने सवलत जाहीर केली. त्यामुळे स्वस्त होती ती आणखी स्वस्त झाली, मधली जागा खाली सरकली, आणि जिला चहाआधी माफक म्हणून पसंती मिळाली होती ती चहानंतर महाग ठरून बाद झाली. पुढच्या बैठकीपर्यंत सवलत संपली आणि मधली जागा परत वर गेली. बाजार स्वस्थ बसल्याशिवाय माफक किंमत ठरवणे धोक्याचे आहे, असे मत सचिवाने सुवाच्य अक्षरात नोंदवले.

"मला विचाराल तर आत्ता घेऊच नका, बाबा," जावई म्हणाले. "नवा प्रोसेसर येतोय. तो आला की आत्ताचे सगळे जुने झाले. आत्ता घेतलात तर जुना घेतलात असं होईल."

"आणि तो आल्यावर घेतला तर?" सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारले.

"त्याच्यानंतरचाही ठरलाय म्हणतात, आई. त्यामुळे तो घेणंही तसं..."

"मग घ्यायचा कधी, जावईबापू?"

"घ्यायचा असा नसतोच. लक्ष ठेवायचं असतं."

जावई स्वतः कित्येक वर्षे लक्ष ठेवून होते. त्यांच्याकडे लॅपटॉप नव्हता, आणि त्यामुळेच त्यांचे मत कोणत्याही एका कंपनीच्या अनुभवाने दूषित झालेले नव्हते. ऑडिटरांना जावयांचा हा गुण फार आवडला.

पूर्वरंगच इतका रंगला, की मूळ आख्यान कोणते होते याचा हळूहळू विसर पडला. दुसऱ्या बैठकीत 'विश्वासार्ह' हा शब्द घेण्यात आला. त्याची व्याख्या साहेबांनी एका वाक्यात केली. जिच्याविरुद्ध एकही तक्रार नाही, ती कंपनी विश्वासार्ह. व्याख्या इतकी सरळ होती की सगळ्यांना हायसे वाटले. कप गोळा करणारी सून तेवढी थबकली. तिला काहीतरी म्हणायचे होते, पण तरतूद नव्हती.

जावई ग्राहकांचे अभिप्राय मोठ्याने वाचू लागले. पहिल्या कंपनीवर हजारो लोक खूश होते, पण एकाची बिजागरी तुटली होती. बाद. दुसरीच्या लॅपटॉपचा पंखा इतका घुरघुरत असे, की एका गृहस्थांना शेजारी बसलेल्या बायकोचे बोलणे ऐकू येत नसे. हे गृहस्थ तक्रार करताहेत की आभार मानताहेत, यावर थोडी चर्चा झाली. पण संशयाचा फायदा कंपनीला देणे साहेबांच्या स्वभावात नव्हते. बाद. तिसरीच्या लॅपटॉपवर एका बाईंनी पाणी सांडले आणि तो बंद पडला.

"बंदच पडणार ना," सासूबाई म्हणाल्या. "माणसाच्या डोक्यावर सांडलं तर तोही दचकतो."

"तक्रार आहे की नाही, एवढंच सांग," साहेब म्हणाले.

"आहे."

"मग बाद."

चौथीच्या खोक्याचा रंग चित्रातल्यापेक्षा फिका होता. पाचवी कंपनी उत्तम, पण माल पोचवणारा माणूस हसला नाही. एकेक करून बाजारातल्या सगळ्या कंपन्या त्या टेबलावर धारातीर्थी पडल्या. आणि मग अचानक जावयांचा आवाज कापरा झाला.

"बाबा, एक आहे. हिच्याविरुद्ध एकही तक्रार नाही."

"नीट बघा."

"दोनदा बघितलं. एकसुद्धा नाही."

ऑडिटरांनी चष्मा काढून पुसला. इतका निष्कलंक कारभार त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. साहेबांनी स्वतः त्या कंपनीला फोन लावला आणि सर्वांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"आपल्या मालाविषयी एकही तक्रार नसल्याबद्दल प्रथम आपलं अभिनंदन," साहेब म्हणाले.

"थँक यू सर," पलीकडून आवाज आला. "अजून विक्री सुरू केलेली नाही आम्ही. पुढच्या वर्षी विचार आहे."

साहेबांनी फोन बंद करून टेबलावर पालथा ठेवला.

"म्हणजे बघा," अखेर ऑडिटर म्हणाले, "विकायला लागले की तक्रारी येतात. मूळ दोष विक्रीत आहे."

इकडे पहिली तारीख दारात येऊन उभी राहिली. सुनेने नोकरीवाल्या बाईंना फोन करून थोडी मुदत मागितली.

"अडचण काय आहे?" बाईंनी विचारले.

"घरात चर्चा चाललीय, मॅडम. लॅपटॉपची."

"तुम्ही लॅपटॉप घेताय की लग्न जमवताय?" बाई म्हणाल्या. पण बाई मनाने चांगल्या होत्या. "पंधरा तारखेपर्यंत मी सांभाळून घेते. त्यापुढे माझ्या हातात नाही."

ही वार्ता ऐकून साहेबांना मनापासून आनंद झाला. "बघितलंस? मागितली की मुदत मिळते. उगाच जीव टांगणीला लावून घेतेस." आणि मुदतवाढ मिळालीच आहे म्हटल्यावर समितीची पुढची बैठक पुढे ढकलण्यात आली.

सुनेने नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठले.

"अरे, तू तरी बोल ना."

"मी सचिव आहे गं. सचिवानं मत द्यायचं नसतं."

"मग नवरा म्हणून बोल."

"तसं पद समितीत नाहीये."

"ठीक आहे. मी उद्या सरळ जाऊन घेऊन येते."

नवऱ्याने हातातला ग्लास विसळून पालथा घातला आणि आवाज खाली आणला. "आण. तुझा हक्कच आहे. पण बाबांकडे बघ एकदा. रिटायर झाल्यापासून सकाळी पांघरुणातून बाहेर येत नव्हते. हल्ली दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसतात. औषध घ्यायची आठवण करावी लागत नाही. चार दिवस सांभाळून घे."

हे खरे होते, आणि सुनेला ते आधीच दिसले होते. म्हणून तर ती गप्प होती. घरात कुणीही वाईट नव्हते. सगळे एकमेकांना सांभाळून घेत होते, आणि त्या सांभाळण्यात नेमकी तिची नोकरी तेवढी हातातून सुटत होती.

पंधरा तारखेच्या अलीकडे समितीने दुकानाची प्रत्यक्ष पाहणी केली. सगळे सदस्य गेले. विक्रेत्याला वाटले, मोठे गिऱ्हाईक आले. त्याने पाच खुर्च्या मांडल्या. साहेबांनी प्रत्येक लॅपटॉप उचलून कलिंगडासारखा कानाशी वाजवून पाहिला.

"हमी किती?" ऑडिटरांनी विचारले.

"एका वर्षाची आहे, काका. थोडे जास्त भरलेत तर तीन वर्षांची देतो."

"म्हणजे तीन वर्षांत तो बिघडेल, असं कंपनीलाच वाटतं."

"तसं नाही हो. तुमच्या मनाला शांतता म्हणून."

"माझं मन आत येईपर्यंत शांतच होतं. ज्या वस्तूची खात्री असते तिची हमी कशाला द्यावी लागते? मी लग्न केलं तेव्हा बायकोची हमी मागितली नव्हती."

"वहिनींनी तुमची मागायला हवी होती," सासूबाई म्हणाल्या.

ऑडिटरांनी हा मुद्दा विषयाबाहेरचा म्हणून सोडून दिला. "बिनहमीचा दाखवा," ते विक्रेत्याला म्हणाले.

विक्रेत्याने हमीचे कागद खणात परत ठेवले. मग आत जाऊन धूळ झटकत एक लॅपटॉप घेऊन आला. "हा मांडणीतला आहे. याला कसलीच हमी नाही. पडद्यावर एक आडवी रेघ येते, पण थोपटलं की जाते."

साहेबांचा चेहरा उजळला. "प्रामाणिक वस्तू आहे. स्वतःचा दोष लपवत नाही." समिती त्या लॅपटॉपवर जवळजवळ भाळलीच होती. पण दोष ठाऊक असूनही खरेदी का केली, याचे उत्तर पुढे कुणी मागितले तर काय द्यायचे, असे ऑडिटरांनी विचारले, आणि तोही बाद झाला.

हे सगळे चालले असताना सून दुकानाच्या कोपऱ्यात एका उघड्या लॅपटॉपपुढे उभी होती. कुणी बघत नाही असे पाहून तिने कळफलकावर बोटे ठेवली. ठेवली मात्र, आणि ती चालायला लागली. रकाने आखले गेले, आकडे बसले, बेरीज खाली उतरली. मधली वर्षे जणू झालीच नव्हती.

"ताई, हात बसलेला आहे तुमचा," विक्रेता कौतुकाने म्हणाला.

"बसलेला होता," सून म्हणाली. मग तिने धीर करून हाक मारली. "बाबा, हा बघता का जरा? मला बरा वाटतोय."

साहेब लगबगीने आले आणि तिला बाजूला घेऊन कुजबुजले, "बेटा, दुकानात वस्तूला हात लावायचा नसतो. त्यांना कळतं, की आपल्याला गरज आहे."

पंधरा तारीख गेली. बाईंचा फोन आला. त्यांनी दुसरी मुलगी घेतली होती, आणि सांगताना त्यांनाच अवघडल्यासारखे होत होते. सुनेने ते जेवणाच्या टेबलावर सांगितले, अगदी नोकरी लागल्याचे सांगितले होते तितक्याच हळू आवाजात. साहेबांना खरोखर वाईट वाटले. त्यांनी ताट दूर सारले. आणि मग, सवयीने, त्यातून मार्गही काढला.

"एका परीनं बरंच झालं म्हणायचं. घाईचं दडपण होतं डोक्यावर, ते गेलं. आता निर्णय शांतपणे घेता येईल."

"अहो, घाई नाही गेली," सासूबाई म्हणाल्या. "नोकरी गेली तिची."

"नोकऱ्या पुन्हा येतात. चुकीची खरेदी जन्माला पुरते."

सचिवाने नोंद केली: 'वापरकर्त्याची गरज तूर्त संपुष्टात आल्यामुळे खरेदीतील मुख्य अडथळा दूर झाला आहे.' लिहिताना त्याचे अक्षर पहिल्यांदाच थोडे बिघडले.

सून काम शोधत राहिली, फोनवरच, कारण दुसरे साधन नव्हते. एक दिवस एका माणसाने तिला फोन केला. लेखनाचे काम आहे म्हणाला. ग्राहकांचे अनुभव लिहून द्यायचे.

"कशाचे अनुभव?"

"आठवड्याला बदलतात. या आठवड्यात लॅपटॉप आहेत."

"पण माझ्याकडे लॅपटॉप नाही हो."

"तीच तर पात्रता आहे, ताई. ज्यांच्याकडे असतो ते तक्रारी लिहितात."

"म्हणजे खोटं लिहायचं?"

"खोटं कशाला? लोक घाबरलेले असतात बिचारे. इतक्या कंपन्या, काय घ्यावं कळत नाही. त्यांना धीर द्यायचा."

सुनेने नाही सांगितले. देवाधर्माच्या घरात वाढलेली मुलगी. न वापरलेल्या वस्तूची साक्ष द्यायला तिची जीभ वळेना. पण घरात दिवस लांबत चालले. कुणीतरी आपल्याकडे काही काम मागावे आणि ते आपल्याला करता यावे, एवढेच तिला हवे होते, आणि तेवढेच मिळत नव्हते. शेवटी तिने त्या माणसाला होकार कळवला. तिने कधी न पाहिलेल्या एका लॅपटॉपची छायाचित्रे त्याने पाठवली. शाळेच्या फाटकाबाहेर मुलांची वाट बघत, एका अंगठ्याने, तिने लिहिले.

लिहिले ते असे: 'मुलं शाळेत गेली की मी हा उघडते. झाकण उघडलं की घर मागे राहतं. इतकी वर्षं हात रिकामे होते, ते आता भरल्यासारखे वाटतात. महिनाअखेरीचे हिशेब जुळतात, तेव्हा मी एकटीच हसते. हा कधी अडला नाही. मी अडले होते, ह्यानं मला पुढे नेलं.'

लॅपटॉपविषयी त्यात फारसे काही नव्हते. पण तो अभिप्राय वाचून शेकडो लोकांनी 'उपयुक्त' असा शिक्का मारला.

समितीचे काम आता खरोखर वेगाने चालले होते. तक्रार नसण्याचा निकष फसल्यामुळे साहेबांनी तो रद्द केला आणि नवा लावला. अनुभवी माणसाचा शब्द प्रमाण मानायचा. जावई असा माणूस शोधू लागले, आणि एका दुपारी त्यांना तो अभिप्राय सापडला. साहेबांनी फोन हातात घेऊन तो स्वतः वाचला. मोठ्याने, सावकाश, मध्ये एकदा घसा साफ करीत. वाचून झाल्यावर ऑडिटर खिडकीबाहेर बघत बसले. सासूबाई पदराने डोळे टिपत होत्या.

"याला म्हणतात अनुभव," साहेब म्हणाले. "आकडे नाहीत, बढाई नाही. वापरणाऱ्या माणसाला जे कळतं, ते दुसऱ्या कुणाला कळत नाही. असं एखादं माणूस आपल्या घरात असतं ना, तर इतका वेळ लागलाच नसता."

सून कपांचा ट्रे घेऊन दारात उभी होती. "बाबा, ती बाई..."

"थांब बेटा, ठराव चाललाय."

ठराव सर्वानुमते संमत झाला. सुनेच्या साठवलेल्या पैशांतून लॅपटॉप घरात आला. साहेबांनी तो बैठकीच्या खोलीत टेबलाच्या मधोमध ठेवला. वरचे प्लास्टिक काढायचे नाही, असे ठरले. चाचणीचा कालावधी संपेपर्यंत तो समितीच्या ताब्यात राहणार होता. सकाळी साहेब त्यावर बातम्या वाचत. दुपारी ऑडिटर येऊन पंख्याचा आवाज ऐकत. रविवारी जावई त्याहून नव्या लॅपटॉपची माहिती त्याच्यावरच बघत. हितसंबंध असल्यामुळे सुनेला चाचणीत घेता येत नव्हते.

शेवटी तिने एकदा साहेबांना एकटे गाठून सांगितलेच.

"बाबा, रागावू नका. तो अभिप्राय मी लिहिला होता."

साहेबांनी तिच्याकडे प्रेमाने पाहिले. त्यांना तिची दया आली.

"तू कसा लिहिशील, बेटा? तुझ्याकडे लॅपटॉप कुठे होता?"

साहेबांचे म्हणणे रीतसर होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्याच्या कष्टाचे श्रेय घेऊ नये, एवढेच हळुवारपणे सांगितले.

ही हकीकत आजवर ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांनी ती मन लावून ऐकली. बायका हळहळल्या. पुरुषांनी साहेबांना नावे ठेवली, ऑडिटरांवर हसून घेतले. आणि मग उठता उठता प्रत्येकाने जवळ येऊन एकच विचारले: ते सगळे राहू द्या, पण शेवटी कंपनी कोणती घेतली? चालतो ना नीट?

सून सध्या काय करते, हे अजून एकानेही विचारलेले नाही.

या दोहोंपैकी तुमच्या ओठांवर कुठला प्रश्न आहे, ते तुमचे तुम्ही बघा. पहिला असेल तर संकोच नको. त्या बाईंचा अभिप्राय अजून तिथेच आहे. घेण्याआधी जरूर वाचा. फार मनापासून लिहिलेला आहे.